पोदेराच्या भोंग्यावर कुत्र्याचा रोजचा थयथयाट: कोणती शिकवण टिकते, कोणती उलटते

गोव्यात डिचोलीपासून काणकोणपर्यंत कुठल्याही वाड्यावर जा, कुत्रा पाळणाऱ्यांकडून ही तक्रार ऐकायला मिळतेच. सकाळी वळणावर पोदेराच्या, म्हणजे घरोघरी पाव विकणाऱ्याच्या, सायकलचा भोंगा वाजतो आणि बाल्कांवात (दारापुढच्या ओसरीत) पाय पसरून झोपलेला कुत्रा ताडकन उठून गेटकडे धावतो. मानेवरचे केस उभे, पंजे गजांवर, आवाज वाड्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत. पोदेर पावाची पिशवी गेटला अडकवतो आणि निघून जातो. थोड्या वेळाने घर शांत होते. मग मासे विकणारी नुस्तेकान्न येते, कुरिअरवाला येतो, संध्याकाळी पुन्हा पोदेर.

घरच्यांनी हातपाय हलवलेले नसतात असे नाही. ओरडून झालेले असते, वर्तमानपत्राच्या गुंडाळीचा फटका देऊन झालेला असतो, कुणीतरी सांगितले म्हणून चोक चेन (ओढली की मान आवळणारी साखळी) घालून झालेली असते, बिस्किटेही खायला घालून झालेली असतात. प्रत्येक उपायाने चार दिवस बरे जातात आणि मग सगळे मूळपदावर. शेवटी लोक म्हणतात, "आमचा कुत्राच तसा आहे." मला हे पटत नाही. उपाय निवडण्याआधी एक प्रश्न विचारायचा राहून गेलेला असतो: भुंकून या कुत्र्याला मिळते काय?

भुंकण्याचे बक्षीस गेटबाहेर आहे

कुत्र्याच्या बाजूने पाहा. एक अनोळखी माणूस मोठा आवाज करत घराच्या हद्दीशी येतो. कुत्रा भुंकतो. माणूस जातो. पोदेराला पुढच्या घरी जायचेच होते हे कुत्र्याला कळण्याचा मार्ग नाही. त्याच्या हिशेबी भुंकलो म्हणून संकट टळले. हे रोज दोनदा, वर्षानुवर्षे घडते. एवढा नियमित सराव आपण त्याला दुसऱ्या कुठल्याही गोष्टीचा दिलेला नसतो.

याच्या खाली आणखी एक थर आहे. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांना १९०४ चे नोबेल पचनसंस्थेवरच्या कामासाठी मिळाले, पण त्यांच्या प्रयोगशाळेतली कुत्री अन्न दिसण्याआधीच, अन्नाची खूण पटताच लाळ गाळू लागली हे निरीक्षण पुढे जास्त गाजले. भोंग्याचे तसेच होते. आधी कुत्रा माणसाला घाबरत होता. आता भोंगा ऐकताच, माणूस दिसण्याआधीच, त्याचे शरीर तयारीला लागते. म्हणजे दोन गोष्टी एकमेकांत गुंतल्या आहेत: भोंग्याने उसळणारी भावना, आणि भुंकण्याला मिळणारे यश. जी पद्धत यातल्या एकीलाच हात घालते ती काही दिवस चालते आणि नंतर उलटते.

भावना नेहमी भीतीच असेल असे मात्र नाही. काही कुत्र्यांना पोदेर आवडतो आणि गेट मध्ये आल्याचा राग येतो. फरक शरीरावर दिसतो. घाबरलेला कुत्रा वजन मागच्या पायांवर ठेवतो, कान मागे घेतो, पुन्हा पुन्हा ओठ चाटतो, जांभई देतो, पुढे धावून लगेच मागे सरतो. उतावळ्याचे अंग सैल असते आणि तो सगळा पुढे झुकलेला असतो. शेपूट हलते म्हणजे कुत्रा खूश आहे असे धरून चालू नका. ताठ, उंच धरून झरझर हलणारी शेपूट ताणाची असते. पोदेर लांब असताना हे निरखा. गेटवर पोचल्यावर सगळेच कुत्रे सारखे दिसतात.

त्याआधी डॉक्टर

वागणे अचानक बदलले असेल तर शिकवणीचा विचार बाजूला ठेवून आधी जनावरांच्या डॉक्टरकडे जा. आपल्याकडच्या दमट हवेत गोचिड्या आणि गोचिडतापाचा त्रास कायम असतो, पावसाळ्यात लोंबत्या कानांत संसर्ग होतो, म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे दुखतात. दुखणाऱ्या कुत्र्याची सहनशक्ती कमी होते. रेबीजची लस दरवर्षी द्या. गोवा २०२१ साली रेबीज नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाला तो गावोगावी कुत्र्यांना सातत्याने लस टोचल्यामुळे. कुत्रा विनाकारण अंगावर येत असेल, लाळ गळत असेल, गिळता येत नसेल, तर त्याला हात लावू नका. लगेच डॉक्टरला कळवा.

कोणती पद्धत कुठे कमी पडते

*"मालक कोण ते दाखवा" ही पद्धत.* कुत्र्याला उताणे पाडून दाबून धरायचे, डोळे वटारायचे, आधी आपण जेवायचे. कुत्रा म्हणजे लांडगा आणि लांडग्यांच्या कळपात सतत सत्तेची झुंज चालते, या समजुतीवर हे उभे आहे. १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त लांडग्यांवर जे लिहिले त्यातून ही कल्पना पसरली. ते लांडगे एका जागी कोंडलेले होते. पुढे डेव्हिड मेक यांनी कॅनडात मोकळ्या लांडग्यांचा अभ्यास केला आणि १९९९ मध्ये मांडले की रानातला कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पिल्ले असतात. तिथे पुढारीपण म्हणजे पालकपण. म्हणजे या पद्धतीचा पायाच ढासळलेला आहे. आणि ती धोकादायकही आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी २००९ मध्ये वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या मालकांची पाहणी छापली. कुत्र्याला मारणाऱ्या वा लाथ घालणाऱ्यांपैकी ४३ टक्के लोकांवर कुत्रा उलटला होता. उताणे पाडणाऱ्यांत हे प्रमाण ३१ टक्के होते. घरात लहान मूल असेल तर हा धोका कुणी का पत्करावा?

*चोक चेन, काट्यांचा पट्टा, शॉक कॉलर (विजेचा झटका देणारा पट्टा).* यांनी भुंकणे थांबते का? अनेकदा थांबते, तेही लगेच, आणि म्हणूनच लोकांचा यावर विश्वास बसतो. पण आपल्या प्रश्नात ही अवजारे नेमकी उलट काम करतात. भोंगा वाजला, पोदेर दिसला आणि मान आवळली. कुत्रा यातून शिकतो की हा माणूस आला की दुखते. भीती वाढते, फक्त तिचा आवाज बंद होतो. गुरगुरणे ही कुत्र्याने दिलेली सूचना आहे. ती मारून टाकली की उरतो सूचना न देता चावणारा कुत्रा. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाने २०१४ मध्ये ६३ कुत्र्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. बोलावल्यावर न येणारी, मेंढ्यांच्या मागे लागणारी ही कुत्री होती. अनुभवी प्रशिक्षकांच्या हातीसुद्धा शॉक कॉलरचा निकाल बक्षिसाच्या पद्धतीपेक्षा सरस ठरला नाही, आणि त्या कुत्र्यांत ताणाची लक्षणे मात्र अधिक दिसली. वेल्समध्ये २०१० पासून अशा कॉलरवर बंदी आहे. पोर्तुगालमधल्या पोर्तो इथे ९२ पाळीव कुत्र्यांवर झालेला आणि २०२० मध्ये छापून आलेला अभ्यास तेच सांगतो: त्रास देणाऱ्या उपायांवर भर असलेल्या शाळांतली कुत्री शिकताना जास्त धापा टाकत, जास्त जांभया देत, ओठ चाटत, आणि शिकवणीनंतर त्यांच्या लाळेत कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढलेले आढळले.

"थोडे बक्षीस, थोडी शिक्षा" असा मधला मार्ग बरेच प्रशिक्षक सुचवतात. गेटच्या प्रश्नासाठी मी तो सुचवणार नाही. भोंग्यानंतर कधी चिकन आणि कधी हिसका मिळत असेल तर भोंगा ही कुत्र्यासाठी चांगली खबर कधीच होत नाही.

*दुर्लक्ष करणे.* कुत्रा आपले लक्ष वेधायला भुंकत असेल तर हे चालते. इथे बक्षीस पोदेराचे निघून जाणे हे आहे आणि ते आपल्या हातात नाही. त्यामुळे तुम्ही कितीही पाठ फिरवलीत तरी फरक पडणार नाही.

*बक्षीस आणि क्लिकर.* "बस", "थांब", "ये" शिकवायला याला तोड नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलँड यांनी १९४० च्या दशकात प्राणी शिकवताना आवाजाची खूण वापरायला सुरुवात केली. त्याच तत्त्वावर आजचा क्लिकर चालतो: नेमके बरोबर वागण्याच्या क्षणी टिक् आणि मग खाऊ. ब्रिटनमध्ये ३६४ कुत्र्यांच्या मालकांची पाहणी २००४ मध्ये आली. तिच्यात बक्षिसाने शिकवलेली कुत्री जास्त ऐकणारी दिसली आणि शिक्षेचा वापर जास्त तिथे वागण्याच्या तक्रारीही जास्त आढळल्या. ही मालकांनीच दिलेली उत्तरे आहेत, त्यामुळे कारण कुठले आणि परिणाम कुठला हे त्यावरून ठरत नाही; पण वरच्या प्रयोगांशी ती जुळतात.

मग बिस्किटे देऊन फरक का पडत नाही? कारण ती गेटवर, ऐन थयथयाटात दिली जातात. त्या वेळी कुत्र्याला खाणे सुचत नाही. बिस्किट नाकाशी धरले तरी तो मान वळवतो, आणि घरचे म्हणतात, "आमच्या कुत्र्याला खाण्याचे वेड नाही." त्याला वेड आहे. अंतर चुकले आहे.

जी टिकते ती पद्धत

भोंग्याचा अर्थ बदलायचा आणि भुंकण्याच्या जागी दुसरे काम द्यायचे, या दोन्ही गोष्टी एकत्र कराव्या लागतात. वेळ लागतो, काही आठवडे ते काही महिने. पण आलेला फरक टिकतो, कारण कुत्र्याला आता भुंकावेसेच वाटत नाही.

सगळ्यात आधी रोजचा सराव तोडा. पोदेर यायच्या वेळेआधी कुत्र्याला मागच्या खोलीत किंवा परसात न्या, रेडिओ लावा, चघळायला काहीतरी द्या. गेटच्या खालच्या अर्ध्या भागाला बांबूची चटई किंवा पत्रा लावा म्हणजे रस्ता दिसणार नाही. पावाची पिशवी काही दिवस कोपऱ्यावरच्या घरी ठेवायला सांगा. वाड्यावर एवढे शेजारपण अजून शिल्लक आहे. हे केल्याने कुत्रा काही शिकत नाही, पण हे न केल्यास संध्याकाळी शिकवलेले सकाळी पुसले जाते. मी पाहिलेल्या घरांत सगळ्यात जास्त प्रयत्न वाया गेले ते याच पायरीवर.

मग भोंगा मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. पोदेराच्या वेळा सोडून, घरातल्या शांत खोलीत, तो अगदी हळू वाजवा. इतका हळू की कुत्रा फक्त कान हलवेल. आवाज संपताच उकडलेल्या चिकनचा छोटा तुकडा. क्रम महत्त्वाचा आहे: आधी भोंगा, नंतर खाऊ. खाऊची पिशवी आधी उघडली तर पिशवीची सळसळच खूण बनते आणि भोंग्याला काही अर्थ उरत नाही. इथे कुत्र्याने "बस"ही करायची गरज नाही. खाऊ कमवायचा नाही, तो भोंग्याच्या मागोमाग यायचा आहे.

काही बैठकांनंतर भोंगा वाजताच कुत्रा तुमच्याकडे वळून पाहू लागेल, "कुठे आहे?" म्हणून. आवाज वाढवण्याची वेळ ती, त्याआधी नाही. प्रत्येक बैठक चार-पाच मिनिटांची पुरे. डेन्मार्कमध्ये ४४ बीगल कुत्र्यांवर केलेल्या आणि २०११ मध्ये छापलेल्या अभ्यासात आठवड्यातून एकदा-दोनदा शिकवलेली कुत्री रोज शिकवलेल्यांपेक्षा कमी बैठकांत शिकली. त्यामुळे एखादा दिवस चुकला तर जीव टांगणीला लावू नका.

खाऊ साधा पण रोजच्यापेक्षा वेगळा असू द्या: उकडलेले चिकन, काटे नीट काढलेला उकडलेला बांगडा, पनीर. सुकी सुंगटे (कोळंबी) कुत्र्यांना फार आवडतात, पण ती खारट असतात, टाळा. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट अजिबात नको, आणि पावाचे कच्चे पीठ तर कधीच नको, ते पोटात फुगते.

मोबाइलचा टप्पा जमला की खरा रबरी भोंगा आणा. सायकलच्या दुकानात मिळतो. आधी परसातून कुणीतरी वाजवायचा, मग रस्त्यावरून, मग ओळखीच्या माणसाने सायकलवर बसून लांबून जायचे. दर वेळी एकच गोष्ट अवघड करा. आवाज मोठा केला तर अंतर वाढवा, माणूस दिसू लागला तर आवाज कमी ठेवा.

याच काळात, भोंग्याचा संबंध न लावता, चटईवर जाऊन बसणे वेगळे शिकवा. स्वयंपाकघरापाशी, गेटपासून लांब एक गोणपाट अंथरा. त्यावर पाय पडला की खाऊ, बसला की आणखी, बसून राहिला तर आणखी. हे पक्के झाले की दोन्ही धागे जोडायचे: भोंगा वाजवा, लगेच "चटई" म्हणा, पोचला की भरपूर खाऊ. पुढे शब्दाची गरज उरत नाही. जो भोंगा कुत्र्याला गेटकडे ओढत होता तोच त्याला चटईकडे पाठवणारा हुकूम बनतो. पोदेर गेल्याचे बक्षीस आता फिके पडते, कारण त्याहून मोठे बक्षीस घरात आहे.

प्रत्यक्ष पोदेर शेवटी. त्याला कुत्र्याच्या तोंडात खाऊ द्यायला लावू नका. घाबरलेला कुत्रा खाऊच्या लोभाने जवळ जातो, खाऊ संपतो, आणि अचानक त्याला कळते की आपण या माणसाच्या फार जवळ आहोत. चावे अशा क्षणी होतात. पोदेराची इच्छा असेलच तर त्याने तुकडा कुत्र्याच्या मागे, गेटपासून लांब फेकावा. भट्टीवरचा माणूस बदलला तर थोडी उजळणी लागते, ती गृहीत धरा.

मध्येच अडले तर

मोबाइलवर सगळे छान, खऱ्या भोंग्यावर पुन्हा थयथयाट: तुम्ही मधली पायरी गाळली आहे. मोबाइलचा छोटा स्पीकर तो आवाज नीट देतच नाही. खरा भोंगा, पण शंभर पावलांवरून, इथून पुन्हा सुरू करा.

जमलेले चवथीनंतर (गणेश चतुर्थीनंतर) किंवा दिवाळीतल्या नरकासुराच्या रात्रीनंतर बिघडले: फटाके, ढोल, फेस्ताचे (चर्चच्या उत्सवाचे) फोगोट म्हणजे दारूकाम, घरात पाहुणे. ताण साचत जातो आणि एरवी सहन होणारा भोंगाही असह्य होतो. सणाच्या आठवड्यात शिकवणी बंद ठेवा, कुत्र्याला आतल्या खोलीत आसरा द्या, नंतर दोन पायऱ्या खाली उतरून सुरुवात करा. फटाक्यांची भीती खूप असेल तर डॉक्टर औषध देऊ शकतात, आणि ते सणाच्या आधी विचारून ठेवायला हवे.

पावसाळ्यात वाढते: कुत्रा दिवसच्या दिवस घरात अडकतो. जुन्या गोणपाटात खाण्याचे दाणे गुंडाळून शोधायला द्या. हुंगण्याने कुत्रा चांगला दमतो.

दोन कुत्री असतील तर वेगवेगळी शिकवा. एक भुंकला की दुसरा कारण न विचारता सामील होतो.

घरात एक जण खाऊ देतो आणि आजोबा खुर्चीतून काठी आपटतात, हे फार घरांत दिसते. आजोबांशी वाद घालू नका. खाऊचा डबा त्यांच्याच हातात द्या. भोंगा वाजला की चिकन त्यांनी द्यायचे. कुत्रा त्यांच्याकडे धावत येऊ लागला की काठी आपोआप कोपऱ्यात जाते.

आणि दिवसभर साखळीला बांधलेल्या कुत्र्यावर यातले काहीही चालणार नाही. साखळीने पळून जाण्याचा मार्ग बंद होतो, मग भुंकणे आणि चावणे एवढेच त्याच्या हाती उरते. प्राण्यांशी क्रूरतेने वागण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ मध्ये जनावराला अवास्तव काळ, अवास्तव आखूड वा जड साखळीला बांधणे हा गुन्हा आहे.

प्रगती मोजताना "भुंकला की नाही" एवढेच पाहू नका. किती वेळात शांत झाला, नाव घेतल्यावर वळला का, खाऊ घेतला का, हे लिहून ठेवा. भुंकणे बंद होण्याच्या कितीतरी आधी हा वेळ कमी होऊ लागतो, आणि ते न दिसल्यामुळे लोक ऐन वेळी हातची पद्धत सोडून देतात.

कधी दुसऱ्याची मदत घ्यावी

कुत्र्याने कुणाला चावून कातडी फाडली असेल तर स्वतः प्रयोग करत बसू नका. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा, आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्या. कुत्र्याला टोपलीसारखे मुसके घालायची सवय करा. ज्यात तो तोंड उघडून धापा टाकू शकतो, पाणी पिऊ शकतो असेच घ्या, आणि तेही खाऊ देत देत, हळूहळू.

प्रशिक्षक ठरवताना त्याला दोन गोष्टी विचारा. माझा कुत्रा बरोबर वागला तर तुम्ही काय करता? चुकला तर काय करता? दुसऱ्या प्रश्नाला "थोडा झटका, दुखत नाही" असे उत्तर आले तर नमस्कार करून परत या. कुत्रा महिनाभर आमच्याकडे ठेवा, सरळ करून देतो, असे कुणी म्हणाले तरी या तक्रारीसाठी ते घेऊ नका. तिथे तो शहाण्यासारखा वागेलही, पण तिथे तुमचे गेट नाही, तुमचा रस्ता नाही आणि तुमचा पोदेर नाही. प्रशिक्षकाला सकाळी पावाच्या वेळेला तुमच्या घरी बोलवा.